सही नाकारली असती तर?

(पर्थमधील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, आणि रविवारची दुपार जमिनीच्या कायद्यावर उधळायला तयार झालेल्या श्रोतेहो,

आजच्या कार्यक्रमाची सुरुवात या शहरातील रिवाजाप्रमाणे वाजुक नूंगार लोकांना, म्हणजे या भूमीच्या पारंपरिक मालकांना, अभिवादन करून झाली. त्याबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती आधी मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. अभिवादनाचा कागद निवेदक वाचतात, आपण माना खाली घालतो, आणि मग गणेशवंदना सुरू होते. परंतु ज्यांना आपण मालक म्हटले त्यांनी याच भूमीबद्दल राज्य सरकारशी सहा करार केलेले आहेत, ते २५ फेब्रुवारी २०२१ पासून अमलात आलेले आहेत, आणि त्यांतील एकाच्या क्षेत्रात हे सभागृह, बाहेरचे वाहनतळ आणि आपल्यापैकी बहुतेकांची घरे येतात, ही गोष्ट वाचणाऱ्याला ठाऊक नसते आणि ऐकणाऱ्यालाही नसते. मालक म्हणायचे आणि मालकीचे काय झाले ते विचारायचे नाही, हा शिष्टाचार मला पटत नाही. (टाळ्या वाजवू नका, माझी वेळ त्यातच जाईल.)

मी आज तीन गोष्टी सांगण्याचे कबूल केले आहे. हे करार कायद्याने कसे होतात, त्यांत कोणाला काय मिळते आणि कोणाचे काय जाते, आणि शेवटी, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे अशा करारांना दोन बरोबरीच्या पक्षांमधला तह म्हणता येईल का. अध्यक्षांनी पाऊण तास दिला आहे. मला ओळखणारे आत्ताच हसले, ते मी पाहिले आहे.

थोडा इतिहास आवश्यक आहे. २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत ब्रिटिश झेंडा लागला, आणि १८२९ मध्ये इथे, स्वान नदीच्या काठी, कॅप्टन स्टर्लिंगने वसाहत स्थापन केली. दोन्ही ठिकाणी स्थानिक लोकांशी तह झाला नाही. आता आपल्याकडे पाहा. सिडनीनंतर चौदा वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. राजा तोच, तिसरा जॉर्ज. त्या तहात आपण काय घालवले ते शाळेतच पाठ करून घेतले जाते, परंतु समोर तह करण्याजोगा कोणी पक्ष आहे, एवढे तरी इंग्रजांना तिथे मान्य करावे लागले, कारण त्या पक्षाकडे घोडदळ होते. इथे तसे काही दिसले नाही म्हणून जमीन कोणाचीच नव्हती असे धरून चालले. एकाने मात्र प्रयत्न केला. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या मेंढपाळ व्यावसायिकाने, आज जिथे मेलबर्न आहे तिथल्या कुलीन लोकांशी करार करून सुमारे सहा लाख एकर जमीन घेतल्याचे जाहीर केले. मोबदला म्हणून ब्लँकेटे, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, कात्र्या आणि पीठ. व्यवहार अर्थातच लुबाडणुकीचा होता. परंतु गव्हर्नर बर्क यांनी तो रद्द केला तो लुबाडणूक झाली म्हणून नव्हे. जमीन मुळात राजाची आहे, तेव्हा ती विकण्याचा अधिकार त्या लोकांना नाहीच, असे त्यांच्या जाहीरनाम्याचे म्हणणे होते. या देशात करार करणाऱ्या पहिल्या गोऱ्या माणसाला मिळालेले उत्तर हे असे होते.

हे उत्तर चुकीचे होते असे म्हणायला उच्च न्यायालयाला, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाला, ३ जून १९९२ पर्यंत वेळ लागला. खटला टॉरेस सामुद्रधुनीतील मरी बेटाचा होता, आणि तो लढवणारे एडी माबो हे टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात काही काळ माळीकाम केलेले गृहस्थ होते. निकाल लागण्याच्या सुमारे साडेचार महिने आधी ते वारले. त्या निकालामुळे ‘नेटिव्ह टायटल’, म्हणजे मूळ रहिवाशांचा आपल्या भूमीवरील परंपरागत हक्क, मान्य झाला, आणि १९९३ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. १९९६ च्या विक निकालाने असे ठरवले की सरकारने गुरे चारण्यासाठी मोठमोठे पट्टे दिले म्हणून त्या जमिनीवरील नेटिव्ह टायटल आपोआप संपत नाही, दोन्ही हक्क एकत्र नांदू शकतात. त्यावर गुरेवाल्यांत आणि खाणवाल्यांत जो गदारोळ उठला त्यातून १९९८ ची दुरुस्ती आली. तिने मूळ रहिवाशांचे अनेक हक्क आखडते घेतले, परंतु एक उपयोगी गोष्टही दिली. तिचे नाव ‘इंडिजिनस लँड यूज ॲग्रीमेंट’. इथले वकील तिला ‘इलुआ’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

इलुआ म्हणजे जमिनीचा वापर कसा होईल याबद्दल नेटिव्ह टायटलधारक किंवा दावेदार आणि दुसरा पक्ष, मग तो सरकार असो, नगरपालिका असो की खाण कंपनी, यांनी खुशीने केलेला करार. तो राष्ट्रीय नेटिव्ह टायटल न्यायाधिकरणाच्या नोंदवहीत चढवावा लागतो. नोंद होण्याआधी लोकांना सूचना दिली जाते आणि हरकती घेता येतात. एकदा नोंद झाली की मात्र त्याचा परिणाम विलक्षण असतो. त्या भूमीवर हक्क असलेल्या प्रत्येक माणसाला तो बांधतो. सभेला न आलेल्याला, विरोधात मत दिलेल्याला, दूर कुठे तुरुंगात किंवा इस्पितळात असलेल्याला, सर्वांना. आज असे हजाराहून अधिक इलुआ नोंदलेले आहेत. रस्ता, जलवाहिनी, शाळेची इमारत, राष्ट्रीय उद्यानाची व्यवस्था अशा विषयांवरचे पुष्कळ करार कोणतीही खळखळ न होता झालेले आहेत, हे मी मुद्दाम नोंदवते, नाहीतर मी केवळ कुरकुर करते असे आपल्याला वाटेल.

आता माझा आवडता मुद्दा. कोणत्याही कराराचे वजन करायचे असेल तर त्यात काय लिहिले आहे ते नंतर वाचावे, आधी हे विचारावे की सही नाकारली असती तर काय झाले असते? हा प्रश्न मी पुस्तकातून शिकले नाही. पंचवीसेक वर्षे सातारा जिल्ह्यात मी खातेदारांच्या बाजूने भूसंपादनाची प्रकरणे चालवली. १८९४ चा कायदा होता. कलम चारची अधिसूचना, कलम सहाची घोषणा, मग मोजणी, मग निवाडा. एकदा निवाड्याची रक्कम घ्यायला नात्यातल्याच एक वृद्ध काकू आल्या होत्या. कारकुनाने नोंदवही पुढे सरकवली, बोटाने जागा दाखवली. मी त्यांना सांगितले, ‘काकू, सहीच्या वर हरकत राखून असे लिहा, नाहीतर वाढीव मोबदल्याचा दावा करता यायचा नाही.’ त्यांनी पेन हातात धरून मला विचारले, ‘हरकत राखली तर जमीन ऱ्हाते का गं?’ मी म्हटले, ‘नाही, फक्त पैसे वाढू शकतात.’ त्यावर त्यांनी ते दोन शब्द न लिहिताच सही केली, आणि मला त्यांच्या त्या रागाचे उत्तर त्या दिवशीही देता आले नाही. कायद्याने त्यांना किमतीवर वाद घालू दिला होता, जमीन जाण्यावर नव्हे. ऑस्ट्रेलियातील करार वाचताना मी प्रथम ती फट शोधते.

आणि ती फट इथे आहे, अगदी कायद्याच्या मजकुरात आहे. समजा एखाद्या कंपनीला खाणीचा पट्टा हवा आहे. सरकार तसा इरादा जाहीर करते. नेटिव्ह टायटलधारकांना वाटाघाटीचा हक्क मिळतो, आणि दुसऱ्या पक्षाने सद्भावाने बोलणी केली पाहिजेत असे बंधन असते. परंतु सूचनेनंतर सहा महिन्यांत एकमत झाले नाही, तर कोणताही पक्ष न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, आणि न्यायाधिकरण ठरवते की पट्टा द्यावा, अटींवर द्यावा की देऊ नये. यातली मेख ऐका. वाटाघाटीत आपण खनिजाच्या उत्पन्नातला वाटा मागू शकता, परंतु प्रकरण न्यायाधिकरणाकडे गेले तर उत्पन्नावर, नफ्यावर किंवा उत्पादनावर आधारलेली रक्कम देण्याची अट घालायला त्याला कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे सहा महिने टेबलावर वाटा आहे, त्यानंतर तो उचलला जातो. इतके करूनही निर्णय नकाराचा आला तर राष्ट्रहित किंवा राज्यहित सांगून मंत्री तो फिरवू शकतात. अशा टेबलावर बसलेल्या माणसाने सही केली, तर तिला खुशीची सही म्हणावे का?

अपवाद घडला आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला आधारच देतो. इथून खूप ईशान्येला, मार्तू लोकांच्या प्रदेशात एक खारे सरोवर आहे, ज्याला एका गोऱ्या प्रवाशाने निराशेपोटी ‘लेक डिसअपॉइंटमेंट’ असे नाव ठेवले होते. २०२० मध्ये त्याला कुम्पुपिंतिल हे त्याचे खरे नाव परत मिळाले. तिथे एका कंपनीला पोटॅश काढायचे होते. मार्तूंसाठी ते सरोवर अत्यंत पवित्र आणि धोकादायक स्थान आहे. २००९ मध्ये न्यायाधिकरणाने पट्टा देऊ नये असा निर्णय दिला, आणि कायदा झाल्यापासून इतक्या वर्षांत असा नकार पहिल्यांदाच आला. त्यानंतर काय झाले? २०११ मध्ये त्याच कंपनीने मार्तूंशी करार केला. नकार खरा निघाला, तेव्हा बोलणीही खरी झाली.

आता नूंगारांकडे येऊ, कारण आपण त्यांच्या अंगणात बसलो आहोत. जुरियन बेच्या उत्तरेपासून आग्नेयेला एस्परन्सच्या अलीकडेपर्यंतचा जो कोपरा आहे, तो सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास दोन-तृतीयांश. सुमारे तीस हजार नूंगार लोक. त्यांनी एकत्रित दावा लावला, आणि १९ सप्टेंबर २००६ रोजी संघीय न्यायालयाचे न्यायमूर्ती विलकॉक्स यांनी पर्थ महानगरासह त्या दाव्यातील काही भागावर नेटिव्ह टायटल टिकून असल्याचा निकाल दिला. राजधानीच्या शहरावर नेटिव्ह टायटल! त्या आठवड्यात इथे काय काय छापून आले आणि बोलले गेले, ते जुन्या लोकांना आठवत असेल. समुद्रकिनारे जाणार, बागा जाणार. वस्तुस्थिती अशी आहे की खासगी मालकीची जमीन दिली गेली की तिच्यावरचे नेटिव्ह टायटल संपते, हे उच्च न्यायालयाने १९९८ मध्येच स्पष्ट केले होते. तेव्हा आपल्या परसातल्या कढीपत्त्याला २००६ मध्येही धोका नव्हता आणि आजही नाही. त्याला धोका इथल्या हिवाळ्याचा आहे.

राज्य आणि केंद्र, दोन्ही सरकारांनी अपील केले. २००८ मध्ये पूर्णपीठाने विलकॉक्स यांचा निकाल रद्द करून प्रकरण फेरसुनावणीला पाठवले. पुन्हा साक्षी, पुन्हा मानववंशशास्त्रज्ञ, पुन्हा १८२९ पासूनची वंशावळ. आणि ज्या वृद्धांनी पहिल्या वेळी साक्षी दिल्या त्यांतले किती उरतील याची शाश्वती नाही. शिवाय जिंकले तरी शहरातील आणि शेतीतील बहुतेक जमीन खासगी असल्याने हातात काय लागणार, तर तुकडे. या परिस्थितीत नूंगार वाटाघाटीला बसले. साउथ वेस्ट ॲबोरिजिनल लँड अँड सी कौन्सिल ही त्यांची संस्था, समोर प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, कॉलिन बार्नेट यांचे सरकार. २०१५ च्या सुरुवातीला युएड, वाजुक, नाला कार्ला बूजा, साउथ वेस्ट बूजारा, बॅलार्डाँग आणि वागिल काइप व सदर्न नूंगार या सहा क्षेत्रांत सभा झाल्या, सहाही ठिकाणी बहुमत होकाराचे पडले, आणि जून २०१५ मध्ये सरकारने सह्या केल्या.

सर्व नूंगार मात्र राजी नव्हते. स्वान नदीवरच्या कॉजवेवरून जाताना जे बेट लागते, जिथे आपण पाहुण्यांना कांगारू दाखवायला न्यायचो, त्या हेरिसन बेटावर, म्हणजे मटागारुपवर, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये तंबू ठोकून बसलेले लोक आठवा. त्यांचे म्हणणे सोपे होते, आणि ते खोडणे अवघड होते: पूर्वजांचा हक्क कायमचा सोडून देण्याचा अधिकार आमच्या पिढीला कोणी दिला? प्रत्येक दाव्यात काही ठरावीक व्यक्तींची नावे दावेदार म्हणून नोंदलेली असतात. त्यांतल्या काहींनी सही करण्यास नकार दिला. सहापैकी चार करारांवर अशा रीतीने सह्या अपुऱ्या राहिल्या. आमची सही नाही, तेव्हा हा करार नोंदवताच येत नाही, असा अर्ज काही नूंगार व्यक्तींनी केला आणि तो संघीय न्यायालयापुढे चालला. हाच तो मॅकग्लेड खटला.

सरकारी बाजूने असे सांगितले की समाजाच्या सभेने बहुमताने मान्यता दिलेली आहे, तेव्हा एक-दोघांच्या सहीवाचून अडता कामा नये. २०१० च्या एका निकालातही तसेच म्हटलेले होते. परंतु २ फेब्रुवारी २०१७ रोजी तीन न्यायमूर्तींनी एकमताने उलट निर्णय दिला. कायद्यात ‘दावेदार’ म्हणजे नोंदलेल्या सर्व व्यक्ती, आणि करारावर त्या सर्वांची सही हवी. एखाद्याला वगळायचे असेल, अगदी तो मरण पावला असेल तरी, न्यायालयाकडून रीतसर नाव बदलून घ्यायला हवे. आपल्याकडे सामाईक गटातील एका हिस्सेदाराच्या सहीसाठी साऱ्या भावकीला मुंबईहून बोलावतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या निकालात नवल वाटणार नाही. कँबेरात मात्र भूकंप झाला. देशभरातील शंभराहून अधिक इलुआ एका दिवसात संशयास्पद ठरले, कारण सर्वत्र बहुमताच्या सह्यांवर काम भागवलेले होते.

मग संसदेने काय केले? त्याच महिन्यात विधेयक मांडले आणि जूनमध्ये दुरुस्ती मंजूर केली. पुढे बहुमताच्या सह्या पुरतील, आणि मागे झालेले करारही वैध ठरतील. जिंकलेल्या खटल्याचे फळ पाच महिन्यांच्या आत गेले. मी असे म्हणत नाही की दुरुस्ती सर्वस्वी अन्यायाची होती. अनेक मूळ रहिवासी संघटनांनाच ती हवी होती, कारण एका नाराज माणसाने साऱ्या समाजाचा करार रोखावा हेही बरोबर नाही, आणि प्रत्येकाला नकाराधिकार देणारा कायदा एखाद्या समाजाच्या स्वतःच्या निर्णयपद्धतीचाही अपमान करू शकतो. माझे बोट दुसरीकडे आहे. सही नाकारण्याला जेव्हा प्रत्यक्षात वजन आले, तेव्हा कायदा बदलायला या देशाला किती वेळ लागला ते पाहा, आणि माबो निकालापर्यंत किती लागला तेही पाहा.

या घाईमागे केवळ नूंगार करार नव्हता, आणि इथे आपला भारतही येतो. क्वीन्सलँडमधील कारमायकेल कोळसा खाणीसाठी अदानी कंपनीने वांगन आणि जागालिंगू लोकांशी केलेला इलुआही याच अडचणीत होता. एप्रिल २०१६ मध्ये मेरीबरोच्या सभेत २९४ विरुद्ध १ अशा मतांनी तो मंजूर झाला होता, पण नोंदलेल्या बारा दावेदारांपैकी सातांनीच सही केली होती. सभेत मत देणाऱ्यांत आमच्या समाजाशी संबंध नसलेले पुष्कळ लोक होते, असा विरोधकांचा आक्षेप होता. न्यायालयांनी तो मानला नाही, आणि २०१८ व २०१९ मध्ये विरोधक हरले. ऑगस्ट २०१९ मध्ये क्वीन्सलँड सरकारने १,३८५ हेक्टरांवरील नेटिव्ह टायटल संपुष्टात आणले. खटल्याच्या खर्चापायी विरोधकांच्या एका नेत्याला दिवाळखोर घोषित करण्यात आले.

नूंगारांचे करार पुढेही न्यायालयांत फिरत राहिले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने विरोधकांच्या अपिलाचे शेवटचे दार बंद केल्यावर अमलात आले. म्हणजे सभांपासून अंमलापर्यंत सहा वर्षे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे. मी दुसरा मुद्दा धावतच घेते आणि तिसऱ्यावर अन्याय करते, क्षमस्व.

काय मिळाले? एकूण अंदाजे १.३ अब्ज डॉलरचे पॅकेज. नूंगार बूजा ट्रस्टमध्ये बारा वर्षे दरवर्षी पाच कोटी डॉलर. पाच वर्षांत ३ लाख २० हजार हेक्टरपर्यंत जमीन, त्यातील वीस हजारांपर्यंत पूर्ण मालकीची आणि बाकीची राखीव किंवा पट्ट्याची. सहा प्रादेशिक संस्था, राष्ट्रीय उद्यानांच्या व्यवस्थेत सहभाग, आणि २०१६ चा राज्य विधिमंडळाचा एक कायदा, ज्यात नूंगार हे या भूमीचे पारंपरिक मालक असल्याची नोंद आहे. माणशी भागाकार केला तर साधारण त्रेचाळीस हजार डॉलर पडतात, परंतु ते कोणाच्या हातात दिले जात नाहीत, विश्वस्तांकडे राहतात. तेव्हा ‘त्यांना पैसे मिळाले’ असे वाक्य कुठे ऐकू आले तर कृपया दुरुस्त करा. काय गेले? करारक्षेत्रातील सर्व नेटिव्ह टायटल, कायमचे. इलुआमध्ये हक्क न संपवता केवळ स्थगित ठेवण्याची सोय आहे, पुष्कळ करार तसेच होतात. इथे सरकारने हक्कत्यागच मागितला, आणि तो घेतला.

तिसरा मुद्दा. दोन घटनातज्ज्ञांनी २०१८ मध्ये असा युक्तिवाद केला की नूंगार करार हा ऑस्ट्रेलियाचा पहिला तहच आहे: एका स्वतंत्र राजकीय समाजाची ओळख, वाटाघाट, आणि काही अंशी स्वशासन, हे तिन्ही त्यात आहे. पहिले दोन मला मान्य आहेत. तिसरे अर्धवट आहे, कारण या संस्था जमीन आणि निधी सांभाळतील, कायदे करणार नाहीत. आणि माझी कसोटी लावली तर उत्तर नकारार्थी येते. नूंगारांनी सही नाकारली असती तर त्यांना न संपणारा खटला आणि ओसरत जाणारा हक्क मिळाला असता. सरकारला फक्त वेळ मिळाला असता.

यावर कोणी म्हणेल, बाई, नकाराधिकार दिला तर देश चालायचा कसा? त्याचे उत्तर याच देशात आहे. राज्याचा दर्जा नसलेल्या नॉर्दर्न टेरिटरीमध्ये १९७६ च्या भूमिहक्क कायद्याखाली ॲबोरिजिनल जमिनीवर खनिजशोधासाठी पारंपरिक मालकांची संमती लागते, आणि त्यांनी नाही म्हटले तर साधारणपणे पाच वर्षे पुन्हा विचारताही येत नाही. त्या टेरिटरीतील जवळजवळ निम्मी जमीन आज या कायद्याखाली आहे. तिथेही खाणी चालतात. याच कायद्याखाली २६ ऑक्टोबर १९८५ रोजी उलुरू या प्रचंड खडकाची मालकी अनांगू लोकांना परत दिली गेली, आणि त्यांनी तिथल्या तिथे ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला दिली. हीही एक अटच होती, हे मला मान्य आहे. परंतु मालकी त्यांच्या नावावर राहिली, उद्यानाच्या मंडळात बहुमत त्यांचे राहिले, आणि त्या मंडळाने ठरवले म्हणून २६ ऑक्टोबर २०१९ पासून तो खडक चढणे बंद झाले. आपल्यातल्या काहींनी त्याच्या आधी घाईघाईने जाऊन फोटो काढले, त्यांची नावे मी घेत नाही.

करारातील मौनाच्या अटींवर मला अर्धा तास बोलायचे होते. दोन वाक्ये बोलते. मे २०२० मध्ये याच राज्यातल्या पिलबरात रिओ टिंटो या खाण कंपनीने जूकन घळीतील गुहा स्फोटाने उडवल्या, ज्यांत ४६ हजार वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. स्फोटाला राज्याची कायदेशीर परवानगी होती, आणि त्या भूमीचे मालक असलेल्या पीकेकेपी (पुटू कुंटी कुरामा आणि पिनिकुरा) लोकांचे कंपनीशी करारही होते. संसदेच्या चौकशीत उघड झाले की अशा करारांत जाहीर विरोध करण्यास आणि सरकारकडे दाद मागण्यास आडकाठी करणारी कलमे असतात, म्हणजे एकदा दिलेली सही पुढच्या प्रत्येक नकाराचीही आगाऊ विक्री करते.

आणि अगदी शेवटची घडामोड, जी वगळली तर माझे व्याख्यान जुने ठरेल. १२ मार्च २०२५ रोजी उच्च न्यायालयाने युनुपिंगू खटल्यात निर्णय दिला. खटला नॉर्दर्न टेरिटरीतला आहे, आणि त्याची मुळे जुनी आहेत. गोव्ह द्वीपकल्पातील, आपल्या गोव्याशी संबंध नाही, यीरकालाच्या योल्ङू लोकांनी १९६३ मध्ये झाडाच्या सालीवर चितारलेली निवेदने संसदेला पाठवली होती, कारण त्यांना न विचारता बॉक्साइटसाठी जमीन दिली जात होती. १९७१ मध्ये ते न्यायालयात हरले. आता न्यायालय म्हणते की नेटिव्ह टायटल ही घटनेच्या अर्थाने मालमत्ताच आहे, आणि केंद्राने टेरिटरीत ती संपवली असेल तर योग्य मोबदल्याचे घटनात्मक बंधन लागू होते. हे बंधन राज्यांना लागत नाही, म्हणून नूंगारांना त्याचा उपयोग नाही. परंतु टेरिटरीत केंद्राने जे केले त्याच्या भरपाईचा हिशेब आता १९११ पर्यंत मागे जाऊ शकतो, आणि कँबेराच्या वकिलांना पुढच्या टेबलावर बसताना न दिलेल्या सहीचीही किंमत धरावी लागेल.

अध्यक्ष उभे राहिलेले आहेत. सहाही नूंगार करारांचे मजकूर सार्वजनिक आहेत, आणि आपण राहता तो भाग कोणत्या करारात येतो ते नकाशावर पाहता येते. पैशांची परिशिष्टे लांबलचक आहेत, ती नंतर वाचा. हक्कत्यागाचे कलम आधी काढा. प्रश्न असतील त्यांनी चहाच्या रांगेत गाठावे.